तंतुमार्ग पाहण्याआधी: थ्रीडी स्लायसर बसवून घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

थ्रीडी स्लायसर हा वैद्यकीय स्कॅन पाहण्याचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बिलातली रक्कम ते तुमच्या संगणकावर बसवण्याची, त्याला स्लायसरडीएमआरआय (मेंदूतले तंतुमार्ग काढणारी पुरवणी) जोडण्याची आणि तुमच्या माणसांना शिकवण्याची आहे. एक्स्टेन्शन मॅनेजरमधून ही जोडणी तुम्हीही करू शकता. त्यानंतर प्रोग्रॅम एकदा बंद करून सुरू करा, नाहीतर नवी मोड्यूल्स यादीत दिसत नाहीत.

स्कॅन कोणता हवा

साध्या टी१ एमआरआयवर मेंदूच्या घड्या, थॅलॅमस, व्हेंट्रिकल सगळे दिसते. पांढऱ्या भागातले तंतू कुठून कुठे जातात ते कळत नाही. त्यासाठी डिफ्युजन स्कॅन लागतो. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीला धरून सहज सरकतात, आडवे कमी. त्यावरून दिशा काढतात. गणिताला मोजमापाच्या ६ दिशा पुरतात, पण चित्र खरखरीत येते. सेंटरकडे निदान ३० दिशा, बी-व्हॅल्यू (डिफ्युजन मापनाची तीव्रता) १००० आणि तिन्ही बाजूंनी २ मिमीचा व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत छोटा घन तुकडा) मागा. स्ट्रोकसाठी काढलेला ३ दिशांचा स्कॅन इथे निरुपयोगी आहे, आणि सीडीवरच्या जेपीजी तर नकोतच. मूळ डायकॉम (स्कॅनरमधून निघालेल्या फाइल) हवे. उलट फेज दिशेने एक बी-शून्य (डिफ्युजनचा परिणाम नसलेले) चित्रही काढून घ्या. सायनस आणि कानाजवळच्या हवेमुळे कपाळामागचा व कानशिलाजवळचा भाग चित्रात ताणला जातो. त्या जादा चित्राच्या आधारे ही दुरुस्ती एफएसएल या वेगळ्या प्रोग्रॅमच्या टॉपअपने स्लायसरबाहेर करावी लागते.

आधी रंग, मग कमान

मेंदूचा मास्क (कवटी वगळून फक्त मेंदूचा भाग) आणि टेन्सर (प्रत्येक व्हॉक्सेलमधले पाणी कोणत्या दिशेला किती सरकते याचे गणित) काढून झाला की दिशांचे रंगीत चित्र उघडा. लाल म्हणजे डावी-उजवी दिशा, हिरवा पुढे-मागे, निळा वर-खाली. मध्यरेषेवर कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) लाल, त्याच्या वरचा सिंग्युलम हिरवा आणि इंटर्नल कॅप्सूलमधून उतरणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग (हालचालीचे आदेश खाली नेणारा) निळा दिसायला हवा.

रंग जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका. रंग ठरवताना अधिक-उणे चिन्ह विचारात घेतले जात नाही, त्यामुळे ग्रेडियंट तक्त्यातला (स्कॅनच्या दिशांची यादी) एखादा अक्ष उलटा असला तरी रंग बरोबरच येतात. म्हणून ट्रॅक्टोग्राफी सीडिंग या मोड्यूलमध्ये (दिलेल्या बिंदूपासून तंतूंच्या रेषा काढणारे) कॅलोसमच्या मधोमध बिंदू ठेवा. रेषा दोन्हीकडे वर वळून कमान करतील तर तक्ता ठीक. वळणावर तुटून आखूड राहिल्या तर एका अक्षाचे चिन्ह बदला आणि टेन्सर पुन्हा काढा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच चूक सर्वाधिक असते.

बिंदू सरकवाल तशा रेषा नव्याने उगवतात. शिकवताना याचा फार उपयोग होतो. एफए म्हणजे पाण्याची हालचाल किती एकाच दिशेची आहे याचा ० ते १ मधला आकडा. तो ज्याच्या खाली गेला की रेषा थांबते ती थांबमर्यादा ०.१५ ते ०.२ ठेवा. ती खाली ओढली की रेषा वाढतात, पण खोट्याही वाढतात.

रेषा नाही म्हणजे तंतू नाही, असे नव्हे

गाठीभोवती सूज असली की एफए घटतो आणि रेषा तिथेच थांबते. तंतू शाबूत असू शकतात. दुसरी अडचण सेंट्रम सेमीओव्हाले या व्हेंट्रिकलच्या वरच्या पांढऱ्या भागाची. तिथे कॅलोसम, कॉर्टिकोस्पायनल आणि सुपीरियर लाँजिट्युडिनल (पुढे-मागे जाणारे) तंतू एकमेकांना छेदतात आणि साधा टेन्सर एका व्हॉक्सेलला एकच दिशा देतो. परिणामी मेंदूतल्या पायाच्या भागाकडे रेषा जातात, हात आणि चेहऱ्याकडच्या गायब होतात. थांबमर्यादेशी खेळून त्या येत नाहीत. स्लायसरमधल्या यूकेएफ ट्रॅक्टोग्राफी मोड्यूलचे दोन टेन्सरचे मॉडेल वापरून पाहा.

उलट बाजूही आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २० संशोधन गटांना खरे मार्ग आधीच ठाऊक असलेला कृत्रिम स्कॅन दिला होता. बहुतेक खरे मार्ग सापडले, पण अस्तित्वात नसलेले त्याहून जास्त. रेषांची संख्या म्हणजे तंतूंची संख्या नव्हे, आणि संदेश कोणत्या टोकाकडून निघतो हेही रेषा सांगत नाही. स्लायसर अभ्यास आणि संशोधनासाठी आहे. केवळ त्यातल्या रेषांवरून शस्त्रक्रियेची आखणी करू नका.

अडलात तर नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. रुग्णाचे नाव व क्रमांक काढून डायकॉम आणि ग्रेडियंट तक्ता पाठवा.