कामावर अपघात, भरपाईचा वाद: सांगली-साताऱ्यातल्या कामगारासाठी अर्ज आणि अपील

ऊस भरताना ट्रॉलीवरून पडून मणक्याला मार बसतो आणि मुकादम म्हणतो, "हा आमच्याकडं कामालाच नव्हता." बरेच वाद इथूनच पेटतात. म्हणून अपघाताच्या आठवड्यातच हजेरीवहीच्या पानाचा फोटो, उचलीची चिठ्ठी, पगार जमा झालेलं पासबुक आणि सोबतच्या दोघा गड्यांची नावं गोळा करा. टोळी दुसऱ्या फडावर गेली की साक्षीदार सापडत नाहीत.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर लाभ तिथेच मागायचा. बाकीच्यांना, कामामुळे आणि कामादरम्यान इजा होऊन तीन दिवसांहून जास्त काम सुटलं, तर मालकाकडून भरपाईचा हक्क आहे. मूळ मालकाच्या नेहमीच्या धंद्यातलंच काम ठेकेदाराकडून चाललं असेल तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. "हक्क सोडला" असं लिहून घेतलेला कागद टिकत नाही.

मालकाला लेखी नोटीस द्या, पोच जपा आणि दोन वर्षांच्या आत नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज करा. तो राहत्या जिल्ह्यातही चालतो, म्हणजे जतचा माणूस कर्नाटकात जखमी झाला तरी सांगलीत दाद मागू शकतो. सोबत आधार, वयाचा दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि अवलंबितांचे पुरावे लागतात.

1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई म्हणजे निम्मं मासिक वेतन गुणिले वयाचा गुणांक. 2020 पासून वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. वय 40 असेल तर गुणांक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागू.

निकाल पटला नाही तर 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील. सांगली आणि साताऱ्याची अपिलं 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (मुंबई उच्च न्यायालयाचं तिथलं पीठ) जातात. मुंबईची खेप वाचली, हे फार मोठं काम झालं. जुन्या कायद्यात अपील करणाऱ्या मालकाला आधी रक्कम आयुक्तांकडे भरून तसा दाखला जोडावा लागतो.

पण अपील चालतं ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. कामाला होता की नाही, पगार किती, हे आयुक्तांसमोरच ठरतं. तिथे कच्चं राहिलेलं पुढे सहसा भरून निघत नाही.

वरच्या न्यायालयांत काय ठरतं ते दोन निकालांतून कळतं. 1968 साली एका सुताराचा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्व धरलं आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय ठरवली. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना वाटेत मरण पावला. आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली: वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल, तर कामावर जातानाचा अपघातही कामातलाच. नव्या संहितेत हे स्पष्टच लिहिलं आहे.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज द्या. निकाल लागला की प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा.