मराठवाड्यातून प्राईडला: एका प्रवासाची पार्श्वभूमी

मुंबईची प्राईड, म्हणजे समलैंगिक, तृतीयपंथी अशा सगळ्या ‘क्विअर’ लोकांची अभिमानाने निघणारी मिरवणूक, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते. त्या दिवसांत नांदेड, परभणी, जालन्याहून निघणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये खास त्यासाठी निघालेली काही मुलंमुली असतात. घरी कारण वेगळंच सांगितलेलं असतं: पेपर आहे, मुलाखत आहे, मित्राचं लग्न आहे. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ही सगळी ‘मुंबईकर’ होऊन जातात. मला ते खटकतं. या मिरवणुकीच्या इतिहासात आपल्या भागाचाही धागा आहे आणि तो बराच जुना आहे.

मूळ घटना न्यूयॉर्कची. २८ जून १९६९च्या पहाटे पोलिसांनी ‘स्टोनवॉल इन’ या समलैंगिकांच्या बारवर धाड घातली आणि नेहमी मुकाट्याने मार खाणारी माणसं त्या दिवशी उलटली. वर्षभराने त्याच तारखेला पहिला मोर्चा निघाला. भारतात पहिलं पाऊल पडलं कोलकात्यात, २ जुलै १९९९ रोजी. चालणारे जेमतेम पंधरा होते. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७मधून, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, वगळलं.

मुंबईत १९९४पासून समलैंगिकांसाठी हमसफर ट्रस्ट या संस्थेचं काम सुरू होतं. मोर्चा मात्र निघाला १६ ऑगस्ट २००८ला, ‘क्विअर आझादी’ या नावाने, ऑगस्ट क्रांती मैदानावरून. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस आणि ‘चले जाव’चं मैदान, दोन्ही विचार करून निवडलेलं. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलं होतं, आणि त्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी अशी मागणी त्या दिवशी झाली. अनेकांच्या चेहऱ्यावर मुखवटे होते. मुखवट्यामागे कोणाची भावकी होती, कोणाची नोकरी, कोणाच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न. गावाकडून आलेल्यांचं आजही फारसं वेगळं नाही. रात्रीची परतीची गाडी पकडण्याआधी गालावरचा इंद्रधनुषी पट्टा खोबरेल तेल लावून घासून काढायचा, कानामागे राहिलेला रंग एकमेकांना दाखवायचा, मगच फलाटावर जायचं.

पण मराठवाड्यापुरतं बोलायचं तर सगळा दोष इंग्रजांवर टाकून चालत नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्या संस्थानाने १३२९ फसली, म्हणजे १९१९च्या सुमारास, तृतीयपंथीयांसाठी वेगळा कायदा केला. त्यांची नावं सरकारी वहीत नोंदवायची आणि नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात, दागिने घालून रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय पकडायची, अशी त्यात तरतूद होती. तुळजापूर याच संस्थानात होतं. कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, हातात परडी आणि अंगावर साडी अशा वेशात जोगवा मागणारा आराधी पुरुष आपल्याकडे कोणाला नवा नाही. देवीच्या नावाने मागितलं तर लोक पाया पडत आले. तेच माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःसाठी तसं राहू म्हणालं की त्याला दार बंद. आपली परंपरा सहिष्णू आहे असं सांगताना हा दुसरा अर्धा भाग गाळला जातो. तो कायदा पुढे तेलंगणात कागदावर तसाच राहिला आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने जुलै २०२३मध्ये घटनाबाह्य ठरवला.

मराठवाड्याच्या पोरांना मुंबईपेक्षा जवळचं शहर पुणे. स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली लातूर, बीड, हिंगोलीची कितीतरी मुलं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत दिवस काढतात. पुण्याची पहिली प्राईड समपथिक ट्रस्ट या समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने ११ डिसेंबर २०११ला निघाली. पुढे ती जूनमध्ये निघू लागली. जंगली महाराज रस्त्यावरचं संभाजी उद्यान पेठांतून पूल ओलांडला की चालत येण्याजोगं. पहिल्यांदा नुसतं फुटपाथवर उभं राहून बघायचं आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर उतरायचं, असं अनेकांचं झालं आहे. त्या फुटपाथवरच्या वर्षालाही मी सहभागच म्हणेन.

पुण्याच्या त्या पहिल्या प्राईडला दोन वर्षं झाली त्याच दिवशी, ११ डिसेंबर २०१३ला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि ३७७ परत आलं. त्याच न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४च्या ‘नाल्सा’ खटल्यातल्या निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे वगळले. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही.

आपल्या भागासाठी मला जास्त मोलाचा वाटतो तो पोलीस भरतीचा प्रश्न. बीडच्या ललित साळवे यांनी पोलीस दलात असतानाच २०१८मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते पुरुष म्हणून नोकरीत कायम राहिले. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सुनावलं, तेव्हा कुठे शिपाई भरतीचा अर्ज भरण्याची वाट तृतीयपंथीयांसाठी मोकळी झाली. ज्या जिल्ह्यांत पहाटे पाचला मैदानं भरतीच्या पोरांनी भरलेली असतात, तिथे या निर्णयाचं मोल वेगळं सांगायला नको. आता मागणी आहे ती नोकरी आणि शिक्षणात समांतर आरक्षणाची, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच काही जागा राखून ठेवण्याची.