रॅकेट नेमकी कधी तुटते?

२०१२ ची ऑस्ट्रेलियन ओपन. सायप्रसचा मार्कोस बगदातिस खुर्चीत बसलाय, समोर वावरिंका, मॅच हातातून चाललीये. आणि हा पठ्ठ्या बसल्या बसल्या एक रॅकेट जमिनीवर आपटून मोडतो, मग दुसरी घेतो, तीही मोडतो, मग बॅगेत हात घालून अजून दोन काढतो ज्यांचं प्लास्टिकचं वेष्टण पण निघालेलं नाही, आणि त्या वेष्टणासकट आपटतो. टोटल चार. पब्लिक एकदम खूश. मॅच तो हरलाच, वर ८०० डॉलर दंड.

हा व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल देव जाणे, दर वेळी हसू येतं. पण खूप उशिरा लक्षात आलं की तो हे सगळं बसून करतोय. रॅली चालू नाहीये, चेंडू कुठेच नाहीये, खेळ थांबलाय. टेनिसमधली गाजलेली भांडणं आठवून बघा, जवळपास सगळी अशा रिकाम्या वेळातच झालीयत. रॅली चालू असताना कोणी अंपायरला शिव्या देत नाही, कारण तेव्हा डोकं दुसरीकडे बिझी असतं.

आणि टेनिसमध्ये रिकामा वेळ किती असतो याचा आपल्याला टीव्हीवर अंदाजच येत नाही. ज्यांनी घड्याळ लावून मोजलंय त्यांचे आकडे असे आहेत की मातीच्या, म्हणजे क्ले कोर्टवर एकूण वेळेच्या साधारण २० ते ३० टक्केच प्रत्यक्ष खेळ होतो आणि फास्ट कोर्टवर तर १० ते १५ टक्के. म्हणजे तीन तासांच्या मॅचमध्ये चेंडू हलतो तो अर्धा-पाऊण तास, उरलेला वेळ खेळाडू चालतोय, टॉवेलने तोंड पुसतोय, स्ट्रिंगा सरळ करतोय, आणि मघाशी नेटमध्ये मारलेल्या सोप्या फोरहँडचा विचार करतोय. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद, साइड बदलताना ९० सेकंद. फुटबॉलवाल्याने गोल घालवला तर लगेच मागे पळावं लागतं आणि दहा जण सोबत असतात, इथे नेटच्या या बाजूला तुम्ही एकटे. मानसशास्त्रात याला रुमिनेशन म्हणतात, आपल्याकडे त्यासाठी गाईगुरांचा शब्द तयारच आहे, रवंथ. टेनिस हा रवंथ करायला भरपूर वेळ देणारा खेळ आहे.

त्यात स्कोअरिंग असं की हरणं सतत चालूच असतं. फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं की करिअरमधल्या १५२६ सिंगल्स मॅचपैकी जवळपास ८० टक्के जिंकल्या, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. अख्ख्या जगात भारी समजला जाणारा माणूस, आणि तीनशे पॉइंटची लांबलचक मॅच धरली तर त्यातले सव्वाशेच्या वर पॉइंट तो हरणार. प्रत्येक हरलेल्या पॉइंटनंतर पुन्हा तेच २५ सेकंद.

आता डोळ्यांचा भाग, जो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. १९८१, विम्बल्डनची पहिली फेरी, अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो विरुद्ध टॉम गुलिक्सन. सर्व्ह आउट दिली आणि मॅकेन्रो ओरडायला लागला की लाइनचा चुना उडालेला सगळ्यांनी बघितलाय, तुम्ही सीरियसली बोलताय का. ते वाक्य पुढे त्याच्या नावालाच चिकटलं. त्या वर्षी बोर्गला हरवून तो चॅम्पियन झाला तरी विम्बल्डन भरवणाऱ्या क्लबने चॅम्पियनला रिवाजाने मिळणारी मेंबरशिप त्याला लगेच दिली नाही. तेव्हा सगळ्यांचं मत एकच होतं, पोरगं वाया गेलंय.

पण चेंडू लाइनवर पडतो म्हणजे नक्की काय होतं ते बघा. टेनिसचा चेंडू जमिनीला टेकतो फक्त ५ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि तेवढ्यातही तो एका जागी बसत नाही, दबतो आणि काही सेंटिमीटर घसरतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो. वर आपला मेंदू एक गंमत करतो, हलणारी वस्तू असते त्यापेक्षा थोडी पुढे, ती ज्या दिशेने चाललीये त्या दिशेला सरकलेली दाखवतो. म्हणजे चेंडू लाइनवर पडला तरी नजरेला तो लाइनच्या जरा पलीकडे पडल्यासारखा वाटणार. हे खरं असेल तर लाइन जजच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्या होणार नाहीत, इन असलेल्याला आउट म्हणण्याच्या चुका जास्त होतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या डेव्हिड व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या विम्बल्डनमधले चार हजारांहून जास्त पॉइंट तपासले, त्यात ८३ चुकीचे निर्णय सापडले आणि त्यातले ७० बरोब्बर याच प्रकारचे, चेंडू इन आणि कॉल आउट. म्हणजे मॅकेन्रो ज्या टाइपच्या कॉलवर ओरडला तो टाइप खरोखरच जास्त चुकतो. (तो विशिष्ट चेंडू आत होता का यावर लोकांनी अजून भांडत बसावं.)

पण थांबा, खेळाडूंचे डोळे काही स्वर्गातून आलेले नाहीत. चेंडू कुठे पडला ते कॅमेऱ्यांनी दाखवणारी हॉक-आय सिस्टिम आल्यावर, म्हणजे २००६ पासून, खेळाडूंना कॉल चॅलेंज करता यायला लागला आणि ससेक्स विद्यापीठाच्या जॉर्ज मॅथर यांनी असे १४७३ चॅलेंज तपासले. त्यात खेळाडू बरोबर निघाले ३९ टक्क्यांच्या आसपास. चॅलेंज मोजकेच मिळायचे, उगाच कोणी घालवायचं नाही, आणि तरी दहातल्या सहा वेळा खेळाडूच चुकीचा. बहुतेक चॅलेंज लाइनपासून १०० मिलिमीटरच्या आतल्या चेंडूंवर होते, म्हणजे दोघंही, अंपायर आणि खेळाडू, अशा जागी भांडत होते जिथे माणसाच्या डोळ्याला नीट दिसतच नाही, पण दोघांनाही आपण शंभर टक्के बघितलंय असं वाटत होतं. मेंदू "अंदाजे असं दिसलं" म्हणून चित्र देतच नाही, तो ठणठणीत चित्र देतो. म्हणून समोरचा चुकलाय असं न वाटता तो मुद्दाम करतोय असं वाटायला लागतं आणि तिथून पुढे चोर वगैरे शब्द निघतात.

चोर हा शब्द सेरेना विल्यम्सने २०१८ च्या यूएस ओपन फायनलमध्ये अंपायर कार्लोस रामोसला वापरला होता. त्या मॅचमध्ये लाइन कॉलचा संबंध नव्हता हे बरेच जण विसरतात. आधी कोचने स्टँडमधून खूण केली म्हणून वॉर्निंग, मग रॅकेट मोडली म्हणून पॉइंट गेला, मग अंपायरला बोलली म्हणून अख्खी गेम गेली. शिडी ठरलेली असते, एकेक पायरी. मॅकेन्रो १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला पेर्नफोर्सविरुद्ध दोन-एक सेटने पुढे असताना थेट बाहेर काढला गेला, कारण शिडीची एक पायरी त्या वर्षी कमी झालेली आणि साहेबांना ते माहीतच नव्हतं. आणि सेरेनाची पहिली वॉर्निंग ज्या नियमाने आली तो नियम आता राहिलेला नाही, २०२५ पासून स्टँडमधून कोचिंग करायला सरळ परवानगी आहे. इतकी वर्षं एकट्या माणसाला त्या २५ सेकंदांत बोलायलाही कोणी नव्हतं हे मला तरी जरा क्रूरच वाटतं.

बरं, रॅकेट फोडून डोकं शांत होतं का? कॉमेंटेटर लोक हमखास म्हणतात की बरं झालं, वाफ निघून गेली. ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं. आधी त्यांच्या निबंधावर अतिशय वाईट शेरे मारून त्यांना चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, शेरे मारणाऱ्याचा विचार करत करत, काहींना फक्त व्यायाम म्हणून मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं गप्प बसवलं. सगळ्यात जास्त चिडलेले राहिले ते पहिल्या गटातले. गप्प बसलेल्यांचा आक्रमकपणा सगळ्यात कमी. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी कर्विक यांनी १५४ अभ्यास एकत्र करून बघितले, निष्कर्ष साधारण तोच, शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही आणि श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा थंड करणाऱ्या गोष्टींनी उतरतो. जॉगिंगने तर उलट थोडा वाढतानाच दिसला. मात्र चेंडूचे खेळ खेळल्याने राग कमी होतो असंही त्यात आलंय, हे कोणीतरी मॅकेन्रोला कळवा.

रागाने ताकद वाढते हे खोटं नाही, पायाने जोर लावायच्या साध्या टेस्टमध्ये चिडलेल्या लोकांचा जोर जास्त भरलेला आहे. पण पहिली चुकल्यावर मारायची सेकंड सर्व्ह म्हणजे नुसता जोर नव्हे, तिथे मनगट सैल लागतं, चेंडू वर टाकताना बोटं हलकी लागतात, आणि चिडलेला माणूस पहिली कुठली गोष्ट करत असेल तर मूठ आवळतो. रॅकेट मोडल्यानंतरची डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकलेल्या, बघताना आता मला आश्चर्य वाटत नाही.

रागाचा फायदा होतच नाही असंही म्हणता येणार नाही पण. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये मेदवेदेवविरुद्ध बोन्झी मॅच पॉइंटवर सर्व्ह करत होता, दोन सर्व्हच्या मध्ये एक फोटोग्राफर कोर्टवर आला, अंपायरने बोन्झीला पहिली सर्व्ह परत दिली आणि मेदवेदेव भडकला, पब्लिकला हात वर करून चिथवलं, सहा मिनिटांच्या वर खेळ बंद. बोन्झीची लय गेली, तो सेट गेला, पुढचा सेट ६-० ने गेला. शेवटी पाचव्या सेटमध्ये जिंकला बिचारा. मेदवेदेवला दंड ४२,५०० डॉलर, बाकावर बसून त्याने रॅकेटचा भुगा केला त्याचाही त्यातच. आता यातला राग किती आणि डाव किती हे त्यालाही सांगता येईल का शंकाच आहे.

सगळ्यात महागात पडतं ते मात्र रागातलं निष्काळजीपण. जोकोविच २०२० मध्ये यूएस ओपनला चिडून चेंडू मागे मारतो, तो लाइन जज बाईंच्या गळ्याला लागतो, टूर्नामेंटच्या बाहेर. २०१७ च्या डेव्हिस कपमध्ये शापोवालोवचा चेंडू थेट अंपायरच्या डोळ्यावर. २०१२ मध्ये क्वीन्सच्या फायनलला नालबांदियनने जाहिरातीच्या बोर्डाला लाथ घातली आणि मागे बसलेल्या लाइन जजच्या पायातून रक्त. कोणालाच इजा करायची नव्हती, पण हेतू काय होता यावर तिथे सुटका नाही.

आता लाइन जजच गेले. २०२५ पासून विम्बल्डनलाही कॅमेरेच कॉल देतात, मोठ्या स्पर्धांत माणसं उरली ती फ्रेंच ओपनला. त्याच विम्बल्डनमध्ये पावल्युचेन्कोवाच्या मॅचला कोणीतरी चुकून सिस्टिमचा एक भाग बंद ठेवला, आउट चेंडूवर आवाजच आला नाही आणि पॉइंट परत खेळवला, तेव्हा भांडायला पुन्हा अंपायरच सापडला. एरवी मशीनशी भांडून मिळतं काय. राग मात्र तेवढाच आहे, फक्त तो आता कोचच्या बॉक्सकडे, सर्व्हच्या घड्याळाकडे, नाहीतर स्वतःकडे वळतो. रुब्लेव्हचं बघा, २०२३ च्या एटीपी फायनल्समध्ये अल्काराझसमोर त्याने रॅकेट स्वतःच्याच गुडघ्यावर इतक्यांदा मारून घेतली की रक्त आलं. आणि पुढे डोकं शांत ठेवायला मदत म्हणून २०२५ मध्ये त्याने टीममध्ये कोणाला घेतलं, तर मराट साफिनला, ज्याने स्वतःच्या काळात मोडलेल्या रॅकेटांचा हिशोब कोणालाच धड लागत नाही.