लोकसंघटन आणि वस्तीविकास : शिकागोच्या वुडलॉनमधली दोन कामे

शिकागो, बाल्टिमोर किंवा न्यूयॉर्क अशा अमेरिकी महानगरांच्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत दोन प्रकारच्या ना-नफा संस्था एकाच रस्त्यावर काम करताना आढळतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकाच माळेचे मणी वाटतात. दोघींच्या सभा चर्चच्या सभागृहात भरतात, दोघींच्या पत्रकांत घरे, रोजगार आणि समता यांचाच उल्लेख असतो, आणि पुष्कळदा दोन्ही ठिकाणी पुढाकार घेणारे पाद्रीही तेच असतात. तरीही त्यांतली एक लोकसंघटन करते आणि दुसरी वस्तीविकास. पहिली रहिवाशांना एकत्र आणून, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला बोलणी करायला भाग पाडते. दुसरी जमीन, कर्ज आणि सरकारी सवलती यांची जुळवाजुळव करून स्वतःच घरे बांधते, दुकाने उभी करते, कामाचे प्रशिक्षण देते. माझ्या मते हा फरक कामांच्या यादीवरून नीट कळत नाही. संस्थेचा पैसा कुठून येतो आणि त्यामुळे तिला कोणाशी भांडणे परवडते, हे पाहिले की तो स्वच्छ दिसतो.

लोकसंघटनाची आज रुळलेली पद्धत शिकागोतच आकाराला आली. सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन यांनी 1939 मध्ये तिथल्या कत्तलखान्यांमागच्या ‘बॅक ऑफ द यार्ड्स’ या कामगार भागात चर्च, कामगार संघटना आणि स्थानिक मंडळे यांची एक परिषद उभी केली, आणि पुढच्याच वर्षी ही रीत इतरत्र नेण्यासाठी ‘इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन’ स्थापन झाले. या रीतीत संघटक पगारी असतो, पण नेतृत्व त्याचे नसते. तो रोज एकेका रहिवाशाला भेटतो, त्याला कशाचा राग येतो हे ऐकतो आणि ज्याच्या शब्दाला शेजारीपाजारी मान देतात अशी माणसे हेरतो. सभासद असलेली चर्च आणि मंडळे वर्गणी भरतात, त्यामुळे निदान काही पैसा तरी कोणाच्या मेहेरबानीचा नसतो. लोक जे स्वतः करू शकतात ते त्यांच्यासाठी कधीही करू नये, हा या परंपरेतला सर्वांत कडक नियम आहे. आपल्याकडे चळवळींविषयी बोलताना ‘संघर्ष आणि रचना’ अशी जोडी लावण्याची सवय आहे. ती इथे अर्धीच लागू पडते, कारण लोकसंघटनातला मोर्चा वर्षातून थोडेच दिवस निघतो आणि उरलेला काळ या गाठीभेटींच्या रचनेतच जातो.

वस्तीविकास संस्थांचे मूळ त्यानंतरचे आहे. न्यूयॉर्कच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागात 1967 मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्या पुढाकाराने जी संस्था निघाली, ती या प्रकारातली सुरुवातीची आणि सर्वांत गाजलेली. तिथे आरंभी दोन वेगळी मंडळे होती, एक स्थानिक रहिवाशांचे आणि दुसरे भांडवल व ओळखी आणणाऱ्या बड्या उद्योगपतींचे. ही रचना मला फार बोलकी वाटते, कारण या कामातला पेच तिच्यात पहिल्याच दिवशी मांडून ठेवलेला होता. 1986 च्या कर कायद्यानंतर अशा संस्थांचे अर्थकारण बरेचसे करसवलतींवर चालू लागले. कंपन्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पात पैसे गुंतवतात आणि त्या बदल्यात दहा वर्षे त्यांच्या प्राप्तिकरात सूट मिळवतात. अशी संस्था चालवायला वकील, लेखापाल, बँकेची मर्जी आणि महापालिकेची परवानगी लागते, आणि ज्या महापौराकडून जमीन मिळवायची त्याच्या दारात घोषणा देत बसणे तिला जड जाते.

हे दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर शिकागोच्या दक्षिण भागातल्या वुडलॉनकडे वळावे. शिकागो विद्यापीठाने 1960 मध्ये आपल्या परिसराला लागून असलेली एक लांबलचक पट्टी ताब्यात घेण्याची योजना जाहीर केली, आणि ज्यांची घरे जाणार त्यांना कोणी विचारलेही नव्हते. तिथल्या पाद्र्यांनी अलिन्स्कीच्या फाउंडेशनला बोलावले आणि 1961 च्या सुरुवातीला ‘द वुडलॉन ऑर्गनायझेशन’ उभी राहू लागली. पुढे तिचे नेतृत्व रेव्हरंड आर्थर ब्रेझियर यांच्याकडे आले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तिने हात घातला तो आधी किराणा दुकानांना. माप मारणाऱ्या आणि बिलात रकमा वाढवणाऱ्या दुकानांविषयी घरोघरी तक्रार होती, म्हणून संघटनेने एका चर्चपाशी तराजू आणि बेरीज करण्याची यंत्रे मांडली. बायका दुकानातून निघून तिथे येत, पुडके पुन्हा तोलून घेत आणि बिलाची बेरीज ताडून पाहत. विद्यापीठाशी लढण्यापूर्वी लोकांना एक छोटी, हाताशी येणारी लढाई जिंकून दाखवणे हा त्यामागचा हिशेब होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदार नोंदणीसाठी 46 बसगाड्यांतून दोन हजारांवर लोक सिटी हॉलवर गेले. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा दोन पाळ्यांत भरत असताना गोऱ्या वस्तीतल्या शाळांत वर्ग रिकामे होते, ते दाखवण्यासाठी माता त्या शाळांत शिरल्या. घरे मोडकळीला आणणाऱ्या मालकांच्या उपनगरातल्या बंगल्यांसमोरही निदर्शने झाली, म्हणजे आपला घरमालक काय करतो हे त्याच्या शेजाऱ्यांना कळावे.

पुढे महापौर रिचर्ड डेली यांच्या मध्यस्थीने विद्यापीठाशी तोडगा निघाला. त्याचा गाभा असा होता की, राहती घरे पाडण्याआधी कॉटेज ग्रोव्ह अव्हेन्यूवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे उभी राहावीत. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे 500 घरांची ‘वुडलॉन गार्डन्स’ ही वसाहत उभी राहिली आणि तिच्या उभारणीत खुद्द ही संघटनाच भागीदार होती. इथून तिचे रूप पालटू लागले. 1970 च्या दशकात तिची स्वतःची विकाससंस्थाही निघाली. घरमालकांच्या दारात निदर्शने करणारी संघटना आता स्वतःच घरमालक झाली होती. भाडे थकले तर कोणाच्या नावाने नोटीस काढायची, हा प्रश्न आता तिच्याच टेबलावर होता. यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. पोटमाळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला घर हवे असते, ठराव नव्हे, आणि जिंकलेली घरे बांधायची कोणी हाही खराच प्रश्न असतो. पण वुडलॉनमधून लोक निघून जात राहिले. 1960 मध्ये तिथे सुमारे 81 हजार वस्ती होती, ती 1990 पर्यंत सुमारे 27 हजारांवर आली. एवढी गळती थांबवण्याएवढे बळ घरांच्या एखाद्या प्रकल्पात असू शकत नाही.

ही गळती आणि तिच्याआधीची दाटी समजून घ्यायची तर वस्तीच्या हद्दीबाहेर पाहावे लागते. केंद्र सरकारचा गृहनिर्माण विभाग गोऱ्या कुटुंबांच्या उपनगरातल्या गृहकर्जांना हमी देत होता आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना ती नाकारत होता. मग त्यांच्यासाठी उरे ती करारावरची खरेदी. तिच्यात हप्ते फेडायचे, दुरुस्तीही आपणच करायची, पण शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच. एक हप्ता चुकला तरी घर आणि भरलेले सगळे पैसे जाण्याची टांगती तलवार. शिकागोच्याच नॉर्थ लॉनडेल भागात क्लाइड रॉस या कृष्णवर्णीय रहिवाशाने 1961 मध्ये असे घर 27,500 डॉलरला घेतले, जे विकणाऱ्याने सहाच महिन्यांपूर्वी 12,000 डॉलरला घेतले होते. अशा खरेदीदारांनी 1968 मध्ये आपली संघटना केली, एकत्रितपणे हप्ते रोखले आणि शेकडो करार नव्याने ठरवून घेतले, पण न्यायालयात मात्र त्यांच्या पदरी अपयश आले. याच शहराच्या ऑस्टिन भागातल्या गेल सिनकॉटा यांनी बँकांच्या या भेदभावाविरुद्ध देशभरची आघाडी उभारली. त्यातून 1975 चा कायदा आला, ज्याने बँकांना कोणत्या भागात किती गृहकर्जे दिली हे उघड करायला लावले, आणि 1977 चा कायदा आला, ज्याने ठेवी घेतल्या त्या भागातल्या गरीब वस्त्यांच्याही कर्जाच्या गरजा भागवण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. वस्तीविकास संस्थांकडे पुढे बँकांचा जो पैसा वळला, त्याला वाट या दुसऱ्या कायद्याने करून दिली होती. म्हणजे एकीच्या तिजोरीत दुसरीच्या मोर्चाचे फळ होते.

लोकसंघटन म्हटले की ते आपोआप न्यायाच्या बाजूचे असते, असाही समज करून घेऊ नये. ज्या ‘बॅक ऑफ द यार्ड्स’मध्ये ही रीत जन्मली, तिथलीच परिषद पुढे कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या भागात येऊ न देण्याच्या कामी आली, आणि त्याची खंत अलिन्स्की यांनी स्वतः बोलून दाखवली. संघटनेमुळे जोर येतो, पण तो कोणासाठी वापरायचा हे तिच्या सभासदांवर ठरते. म्हणूनच नंतरच्या पिढीतल्या अनेक संघटनांनी एका वस्तीपुरते न राहता शहर आणि उपनगरे, गोरे आणि कृष्णवर्णीय यांना एकत्र घेऊन महानगराच्या पातळीवर बांधणी केली.

वुडलॉन गार्डन्सचे पुढे ‘ग्रोव्ह पार्क प्लाझा’ असे नाव झाले आणि इमारती इतक्या खालावल्या की 2008 च्या सुमारास त्या एका बाहेरच्या ना-नफा विकाससंस्थेकडे गेल्या, जिने त्या टप्प्याटप्प्याने पाडून नव्याने बांधल्या. भाडेकरू रस्त्यावर येऊ नयेत म्हणून लढले ते तिथलेच भाडेकरू, आणि या लढ्यातून एक नवी संघटना तयार झाली. जवळच्या जॅक्सन पार्कमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या नावाच्या केंद्राची घोषणा झाल्यावर भाडी वाढतील या भीतीने तिने इतरांसह आघाडी केली आणि केंद्र उभारणाऱ्या ओबामांच्या संस्थेकडे रहिवाशांच्या हिताचा लेखी करार मागितला. ओबामा स्वतः 1985 ते 1988 या काळात शिकागोतच लोकसंघटक होते, तरी त्यांनी नकार दिला. आपली संस्था नफा कमावणारी नाही, आणि करार नेमका कोणाकोणाशी करायचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. वुडलॉनच्या इतिहासानंतर तो मला पटत नाही, कारण ना-नफा असणे म्हणजे रहिवाशांना उत्तरदायी असणे नव्हे. आघाडीने मग आपला मोर्चा महापालिकेकडे वळवला आणि सप्टेंबर 2020 मध्ये तिथून एक अध्यादेश मंजूर करून घेतला. त्यात महापालिकेच्या मालकीचे 52 मोकळे भूखंड परवडणाऱ्या घरांसाठी राखले गेले, आणि मोठी भाड्याची इमारत विक्रीला निघाली तर ती घेण्याची पहिली संधी भाडेकरूंना मिळाली. ही संधी वापरायची तर भाडेकरू आधी संघटित असावे लागतात, आणि इमारतीची किंमत उभी करू शकणारी एखादी विकाससंस्थाही त्यांच्या बाजूने उभी राहावी लागते.