नाक ओढल्याने धारदार होते का?

"बाळाचे नाक रोज तेल लावून चिमटीत ओढले, की ते सरळ आणि धारदार होते, मोठेपणी क्लिप लावूनही तोच फरक पडतो," हा संदेश इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा वाटण्याला कारणही आहे: जन्माच्या वेळी दाबले गेलेले नाक बहुधा काही दिवसांत आपोआप सरळ होते, नेमके त्याच दिवसांत न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा हात त्यावरून फिरत असतो, आणि श्रेय साहजिकच तेलाला मिळते.

नाकाचा वरचा भाग हाडाचा, तर शेंडा लवचीक कूर्चेचा असतो. त्यांची ठेवण मुख्यतः आनुवंशिक असते. आरशासमोर शेंडा बोटाने दाबून सोडून पाहावा: तो लगेच पूर्ववत होतो. राजवाड्यामागच्या जुन्या घरातला पणजोबांचा फोटो उतरवून पाहिला, तर ज्या नाकावर आपण रुसलो, तेच पगडीखाली ऐटीत बसलेले सापडण्याचा संभव असतो. (मला तरी सापडले.)

दुसरी पडताळणी मोबाईलची. हातभर अंतरावरच्या सेल्फीत कॅमेऱ्याला सर्वांत जवळ नाकच असते, म्हणून ते प्रत्यक्षाहून मोठे दिसते. तसाच फोटो दुसऱ्याकडून पाच-सहा फुटांवरून काढून घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. नापसंतीचा बराचसा भाग त्या अंतरातच विरतो. क्लिपने मात्र त्वचेवर वळ उठतात. आणि बाळाचे नाक वाकडेच राहिले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर ते न ओढता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.