मित्र कसले, व्यवहाराला पक्के!

बुरशी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो शिळ्या पावावरचा हिरवा डाग. शेतीत तर तिचं नाव फारच बद्दू. मर, मूळकूज, तांबेरा, भुरी अशी पिकांच्या रोगांची यादी काढायला बसलं, तर बहुतेक नावं बुरशीच्याच खात्यावर जमा होतात. म्हणून ‘बियाण्याला बुरशी चोळून पेरा’ हा सल्ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली, तर नवल नाही.

ही चोळायची पूड बऱ्याचदा ट्रायकोडर्माची असते. तिच्यातली हिरवट छटा म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू. 1932 मध्ये रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकानं दाखवून दिलं, की ही बुरशी दुसऱ्या बुरशांना खाऊन जगते. रायझोक्टोनिया ही रोपांची मुळं आणि बुंधे कुजवणारी बुरशी तिचं आवडतं भक्ष्य. सूक्ष्मदर्शकाखाली ही शिकार बघण्यासारखी असते. ट्रायकोडर्माचा बारीक तंतू रायझोक्टोनियाच्या जाड तंतूला वेटोळे घालत जातो, काठीला वेल चढावा तसा. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन आणि ग्लुकनची असते. ती विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडून ट्रायकोडर्मा भोकं पाडते आणि आतला ऐवज फस्त करते.

शिवाय ती झपाट्यानं वाढते, त्यामुळे मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावून बसते. या बुरशीचे काही वाण मुळाच्या बाहेरच्या थरांत शिरतात. झाडाला हा उपद्रव जाणवतो आणि पानांपर्यंत त्याची संरक्षण यंत्रणा सावध होते. मांजरानं रात्री भांडं पाडून घर जागं करावं आणि मागून आलेला चोर आयता सापडावा, तसंच काहीसं.

तिला मित्रबुरशी म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द जरा भाबडा वाटतो. अळिंबी पिकवणाऱ्याला विचारून बघा! अळिंबी हीसुद्धा बुरशीच, आणि ट्रायकोडर्माच्या काही जाती तिच्या वाफ्यांवर हिरवा थर धरून सगळं पीक बुडवतात. ट्रायकोडर्माला मित्र-शत्रू कळत नाही, खाद्य तेवढं कळतं.

मुळांशी जोडी जमवणाऱ्या मायकोरायझा बुरशीचा मामला वेगळा. तिथे शिकार नाही, देवघेव आहे. हा शब्द 1885 मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं घडवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बुरशी आणि मूळ. पिकांतली ही जोडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मूळ अल्कलीत उकळून पारदर्शक करायचं, त्याला निळा रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मग पेशीपेशीत बुरशीची चिमुकली, फांद्यांनी दाटलेली झाडं उभी दिसतात. हाच त्यांचा बाजार. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत अशीच झाडं सापडली आहेत. म्हणजे वनस्पतींना धड मुळंही फुटली नव्हती, तेव्हाचा हा सौदा.

बाजारातला मुख्य माल म्हणजे स्फुरद, अर्थात फॉस्फरस. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा साठा संपवतं आणि मग उपाशी राहतं. बुरशीचे तंतू मुळाच्या केसांहूनही बारीक असल्यामुळे मातीच्या फटीफटीतून कित्येक सेंटिमीटर लांब जातात आणि तिथला स्फुरद घेऊन येतात. बदल्यात झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. ही किंमत पानांनी कमावलेल्या कर्बाच्या 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडून बुरशीला हाक मारतात. गंमत म्हणजे ही रसायनं आधी सापडली ती ज्वारीच्या मुळांवर पोसणाऱ्या टारफुला या तणाचा अभ्यास करताना. त्याचं बी मातीत पडून असतं आणि हाक ऐकू आली की रुजतं. झाड ही जोखीम पत्करून हाक का मारतं, याचा उलगडा 2005 मध्ये झाला. त्याच रसायनानं मायकोरायझाच्या तंतूंना फांद्या फुटतात, हे तेव्हा दिसून आलं.

एवढं कळलं की वापराचे नियम पाठ करावे लागत नाहीत. स्फुरदयुक्त खत भरपूर ओतलं, तर झाड हाक मारायचंच थांबवतं. मग मायकोरायझाची पूड घालून उपयोग काय? ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून ती मुळांवरच पोसून तयार करावी लागते. ट्रायकोडर्माला ती अट नाही. ती कुजक्या काडीकचऱ्यावरही वाढते, म्हणून मुरलेल्या शेणखतात मिसळून दिली तर मातीत चांगली टिकते. पण उन्हात तापलेल्या पाकिटात तिचे बीजाणू मरतात, आणि बुरशीनाशकाबरोबर कालवली तर बहुतेकदा तीच आधी जाते. रोप मान टाकल्यावर धावपळ करून फायदा नाही. तिला रोगाच्या आधी मुळाशी पोचू द्यावं लागतं.

कोबी आणि मोहरीला मायकोरायझा देणं मात्र व्यर्थ. त्यांच्या कुळानं या सौद्याला लागणारी काही जनुकंच उत्क्रांतीच्या ओघात टाकून दिली आहेत.