नातवंडाला आरसा दाखवला तर दात येताना त्रास होतो?

‘बाळाला आरसा दाखवू नका, दात यायला त्रास होतो,’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. त्यामुळे कित्येक आज्या नातवाला कडेवर घेऊन आरशासमोरून जाताना पदर आड धरतात.

आरशाचा आणि दातांचा काहीही संबंध नाही. दुधाचे 20 दात बाळ पोटात असतानाच हिरड्यांत तयार होऊ लागतात. पहिला दात साधारण 6 महिन्यांच्या आसपास दिसतो, कुणाला आधी, कुणाला उशिरा. वर्ष झालं तरी एकही दात आला नाही, तर दंतवैद्याला दाखवावं. याच वयात मूल मिळेल ते तोंडात घालतं, म्हणून जुलाब होतात. दोष मात्र आरशाला जातो.

खरं तर आरसा हा आजी-आजोबांसाठी फार सुंदर खेळ आहे. तान्ह्या बाळाला आत दुसरंच बाळ दिसतं, ते त्याच्याकडे बघून हसतं. पुढे एक दिवस त्याला कळतं, की हा मीच! 1972 साली ब्युला ॲमस्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या नाकाला लाली लावून हेच तपासलं होतं. घरी नाकावर कुंकवाचं बोट टेकवा. मूल आरशाला हात लावतं की स्वतःच्या नाकाला, ते बघा. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास बहुतेकांचा हात नाकाकडे जातो.

आरसा मात्र भिंतीला पक्का बसवलेला हवा, आणि बाळ तुमच्या कडेवर.